नरक्याचं औषध

भोर-वेल्ह्याच्या घाटमाथ्यावरच्या सदाहरित रानात नरक्या नावाचं झाड आहे. फुलांना घाण वास, म्हणून लोक त्याच्यापासून लांबच राहायचे. त्याच्या लाकडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य आहे, हे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. त्याआधी १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत ते एका चिनी झाडातून वेगळं काढलं होतं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

हे द्रव्य पेशीला मारतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. पेशी दुभागण्याआधी डीएनएची प्रत काढते, तेव्हा त्याला चऱ्हाटासारखा पीळ पडत जातो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर एका धाग्याला छेद देतं, पीळ सोडवतं आणि धागा पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या छेदात जाऊन बसतं. सांधणं थांबतं, विकर तिथेच अडकतं. एवढ्याने पेशी मरत नाही. औषध निघून गेलं तर धागा सांधलाही जातो. पण प्रत काढणारी यंत्रणा त्याआधीच तिथे येऊन आदळली, तर दोन्ही धागे तुटतात. म्हणजे घात होतो तो पेशीच्या स्वतःच्याच विकराने आणि तिच्या वाढीच्या घाईने. ही घाई कर्करोगाच्या पेशींना असते, तशी आतड्याच्या अस्तराला आणि अस्थिमज्जेलाही असते. म्हणून जुलाब लागतात, पांढऱ्या पेशी घटतात.

याच द्रव्यापासून बनलेलं इरिनोटेकॅन हे कर्करोगावरचं औषध तर स्वतः सौम्यच. शरीरातली विकरं त्याचं एसएन-३८ करतात, तेव्हा ते शेकडो पटींनी जहाल होतं. ते निकामी करणारं यकृतातलं विकर काही जणांत जन्मतःच मंद असतं. त्यांना नेहमीचा डोसही सोसत नाही. तेव्हा औषध जालीम आहे का, हा प्रश्नच अपुरा. कोणाच्या शरीरात आणि किती, हेही विचारावं लागतं.

पण नरक्याची झाडं तोडून लाकूड चोरून विकणाऱ्यांना हे प्रश्न पडत नाहीत. सालीचा काढा देणाऱ्यालाही मात्रा ठाऊक नसते. कर्करोगावर नरक्याची साल द्या असं कुणी सांगितलं, तर सरळ नाही म्हणा आणि रुग्णाला कर्करोगतज्ज्ञाकडेच न्या.