पायी चालणाऱ्याची वाट

पांडेसऱ्यात पाळी बदलते त्या वेळी रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहून पाहावे. डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांतून रात्रपाळीचे कामगार बाहेर पडत असतात, दिवसपाळीचे आत शिरत असतात. बहुतेक पायी; काही सायकलवर, दांड्याला जेवणाचा डबा अडकवलेला. ही गर्दी पदपथावरून जात नाही. टेम्पो आणि रिक्षा यांच्यामधून अंग चोरून ती पुढे सरकते, कारण पदपथ जेथे आहे तेथे त्यावर आपण आहोत : आपली मोटार, आपल्या दुकानाची पायरी, आपल्या फाटकापुढचा सिमेंटचा उतार.

'आपण' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॅप्टी व्हॅली रेल्वेने सुरत खानदेशाशी जोडली गेली आणि पुढे त्याच वाटेने आपल्यापैकी कित्येकांची घराणी येथे आली. वळकटी खांद्यावर टाकून स्टेशनापासून चालत आलेली ती माणसे. घरात पहिली सायकल आली तो दिवस सणासारखा साजरा झाल्याच्या गोष्टी आपण नातवंडांना कौतुकाने सांगतो; आणि सांगताना दाराशी उभी असते ती मोटार.

राज्य सरकारच्या सेवेत असताना रस्त्यांच्या काही फायली आमच्याही मेजावरून गेल्या. वाहनांसाठी किती मीटर हवेत ते आधी ठरे. उरेल ती कड पायी चालणाऱ्याची. आम्ही त्यावर कधी विरोधी शेरा लिहिला नाही. नियमांची उणीव होती असे म्हणावे तर तेही खरे नव्हे. वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीचा विचार करावा, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच सांगितले. पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची अडथळारहित वाट असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्ये नमूद केले. तरी २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते, असा केंद्र सरकारचाच अहवाल आहे.

मग अडते कोठे? आम्हांस वाटते, पायी चालणारा हा तात्पुरता मनुष्य आहे या आपल्या समजुतीत. आज चालतो, उद्या सायकल घेईल, परवा मोटारसायकल. तेव्हा त्याच्यासाठी कायमची सोय कशाला? वाहन नसणे ही उणीव, आणि उणिवेला कसला आला हक्क! या विचारात एक खोट आहे. चालणारा एक जण वाहनावर बसला तरी त्याच्या जागी दुसरा चालू लागतो. आपण सोडलेल्या जागेवर आज ओडिशातून, उत्तर प्रदेशातून आलेला माणूस चालत आहे. २०१४ साली उधना-सचिन मार्गावर बीआरटीएस सुरू झाली. तिचे थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत, म्हणजे बसचा प्रत्येक उतारू आधी आणि नंतर पादचारीच असतो. आणि साठी उलटलेल्या आमच्यासारख्यांना डॉक्टर चालायला सांगतात ते कोणत्या वाटेने?

चालण्याला आपण मान देत नाही असेही नाही. मुक्ताईची पालखी कोथळीहून पंढरपूरला निघते तेव्हा वाहने थांबवून तिला वाट दिली जाते; आपणही वारकऱ्याच्या पाया पडतो. पालखीला जी वाट, ती पाळीवर निघालेल्याला का नाही? एकाचे चालणे ऐच्छिक आणि दुसऱ्याचे नाइलाजाचे म्हणून? नाइलाजाने चालणाऱ्याचा हक्क खरे तर अधिक बळकट असावयास हवा.

कोणी म्हणेल, मग भाजीच्या टोपल्या उचलायच्या का? प्रश्न अवघड आहे. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेला जगण्याच्या हक्कात स्थान दिले, आणि पदपथ जाण्यायेण्यासाठी असतो हेही सांगितले. भाजीवालीला दुसरी जागा द्यावी लागेल. पण तिची टोपली आणि आपली मोटार एका मापाने मोजू नये. तिची गरज पोटाची आहे, आपली सोयीची.

हे सारे आम्हांस आपसूक सुचले, असा आव आणणार नाही. गेल्या पावसाळ्यात एक कामगार आमच्या उताराला आणि मोटारीला वळसा घालण्यासाठी रस्त्यावर उतरला. मागून आलेल्या रिक्षाचा धक्का लागून त्याचा हात मोडला. आम्ही त्यास दवाखान्यात नेले. प्लास्टर होत असताना तो आम्हांस म्हणाला, "साहेब, चूक माझीच. मागे बघून उतरायला पाहिजे होतं." ज्याची वाट आम्ही अडवली होती, तोच आमची क्षमा मागत होता. आम्ही काही बोललो नाही. औषधांचे पैसे दिले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजले. आमच्या उतारापुढे पदपथ जेमतेम वीतभर उरतो. गवंड्याला विचारले; अर्ध्या दिवसाचे काम आहे म्हणतो. घरात मात्र अजून एकमत नाही. मोटार मग ठेवायची कोठे, असे चिरंजीव विचारतात आणि सूनबाई त्यांच्या बाजूने आहेत. गवंडी रविवारी येतो म्हणाला आहे.