साडीचोळी आणि सातबारा

आमच्या घरात मृत्युपत्र हा शब्द काढला तरी अपशकुन. त्यामुळे वडील गेले ते काही न लिहिता. मागे शिरूरची, घोड नदीकाठची वडिलोपार्जित जमीन आणि आम्ही दोघं: मी अन् दौंडला दिलेली अक्का. रीतीप्रमाणे मी हक्कसोडपत्र आणि एक साडी घेऊन दौंड गाठलं.

कायदा मला ठाऊक होता. लेकीला मुलाइतकाच वाटा, हे महाराष्ट्राने १९९४ साली बिनलग्नाच्या लेकींपुरतं मानलं. देशाने २००५ साली सगळ्याच लेकींसाठी. पण कायदा हा दुसऱ्याच्या बहिणीसाठी असतो, अशी आपली सर्वांची समजूत! शिवाय रांजणगावला कारखाने आले, जमिनीचे भाव चढले. रीत मात्र एका साडीवरच थांबली.

अक्काने चष्मा पुसला. "करते सही. माहेर तुटायला नको. पण काय रे, तुझ्या लेकीलाही अशीच साडी का?"

चहा निवून गेला. कागद तसाच परत आणला.

आता स्वतःचं मृत्युपत्र लिहायला बसलोय आणि पहिल्याच शब्दांपाशी अडलोय: 'माझी मालमत्ता'. यातली माझी किती हो?