निकाचित कोण ठरवणार?

इंजिनच्या ब्लॉकमधून तेल फिरायला ज्या वाटा असतात, त्या ओतकामात आपोआप होत नाहीत. ब्लॉक ओतून झाल्यावर लांब ड्रिलनं त्या पाडाव्या लागतात. ड्रिल बाहेरून आत जातं, म्हणून प्रत्येक वाटेचं एक तोंड उघडं राहतं, आणि तिथं कारखान्यातच प्लग ठोकतात किंवा आट्यांवर आवळतात. म्हणजे हा प्लग बिघाडातून आलेला नसतो, वाट पाडली तेव्हाच तो जन्मला. सांगलीत रिबोअरिंगचं दुकान चालवताना असल्या प्लगांशी माझं बरंच भांडण झालं आहे. संध्याकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, स्वाध्यायाला बसलो आणि कर्मबंधाचं प्रकरण निघालं, की मला तेच प्लग दिसायला लागतात. स्वाध्याय घेणाऱ्या पंडितजींना हे फारसं आवडत नाही.

आमच्याकडे कर्म म्हणजे कुणीतरी वहीत लिहून ठेवलेली नोंद नव्हे. कर्म हे पुद्गल आहे, द्रव्य आहे. डोळ्यांना न दिसणारं, पण द्रव्यच. मन, वचन, कायेच्या हालचालीनं ते आत येतं आणि क्रोध, मान, माया, लोभ या कषायांमुळं जीवाला चिकटतं. आत येणं हा आस्रव, चिकटणं हा बंध, येणं रोखणं हा संवर आणि चिकटलेलं झडणं ही निर्जरा. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रातली ही मांडणी मेस्त्री माणसाला पहिल्या वाचनातच पटते. आधी एअर क्लीनर नीट कर, मग इंजिन धू; उलटं केलंस तर धुणं वाया, हे आम्ही पोरांना रोज सांगत असतो.

फलटणकडची एक जुनी पेट्रोल जीप माझ्याकडे आली होती. महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या जीपा इथं जोडायला घेतल्या, त्याच घराण्यातली. चार सिलिंडर, 134 क्युबिक इंच, म्हणजे जवळपास बावीसशे सीसी. उसाच्या फडातल्या धुळीत ती आयुष्यभर पळाली. तिच्या एअर क्लीनरच्या भांड्यात धूळ अडवायला तेल असावं लागतं, तिथं वाळलेला चिखल होता. त्याआधी कुठल्याशा गॅरेजात इंजिन एकदा खोललं गेलं होतं. ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळला, नवी बेअरिंगं घातली, पण तेलाच्या वाटांचे प्लग काढले नाहीत. बेअरिंगं लवकरच ओरखडली. यात नवल काहीच नाही. तेल वाटेच्या मधूनच फुटून बेअरिंगकडे वळतं. प्लगापाशी, वाटेच्या मेलेल्या टोकाला, हालचाल नसते, म्हणून गाळ तिथंच बसतो. कॉस्टिक आत जाऊन तो अर्धवट मऊ करतं. घट्ट होता तोवर जागेवर तरी होता. सुटला की नव्या तेलाबरोबर थेट नव्या बेअरिंगात. अर्धी सफाई ही मुळीच न केलेल्या सफाईपेक्षा वाईट ठरू शकते. उपवास करून दुसऱ्या दिवशी घरादारावर खेकसणारी माणसं पाहिली की मला हे आठवतं. (आमच्या घरी तो मान माझ्याकडंच आहे असं बायको म्हणते.)

मालकांचा प्रश्न सरळ होता. “पन्नास वर्षांत कुणी उघडलं नाही, मग आताच कशाला?” हासुद्धा शास्त्रातलाच प्रश्न आहे. कर्म आपल्या वेळेला पिकून, फळ देऊन झडतं ती सविपाक निर्जरा; ती सगळ्यांचीच चाललेली असते, गाढवाचीही. तपानं वेळेआधी झडवणं ती अविपाक निर्जरा. मालक सविपाकवाले होते. मी त्यांना जुनं बेअरिंग दाखवलं, मग ते गप्प बसले.

पुढच्या टोकाच्या प्लगाची खाच शाबूत होती, पण आटे गंजून एकजीव झाले होते. कामावरचा पोरगा पाना घेऊन लोंबकळायला लागला आणि मग म्हणाला, “अण्णा, ड्रिलच मारू की.” जोर लावला की खाच गोल होते, आणि ती एकदा गोल झाली की सोपे मार्ग संपतात. म्हणून क्रम असतो. आधी रस्टोलीन मारून रात्रभर सोडायचं. सकाळी प्लगाच्या डोक्यावर नेमके, हलके घाव, गंजाला तडा जाण्यापुरते. मग बत्ती, तीही प्लगावर, भोवतीच्या ब्लॉकवर नाही. लालसर झाला की बत्ती बाजूला घ्यायची, लाली उतरू द्यायची आणि कडेला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत शिरतं. गरम प्लगाला फुगायचं असतं, पण भोवतीचं थंड बीड त्याला जागा देत नाही, त्यामुळं तो आतल्या आत दाबला जातो. निवला की केसभर लहान झालेला असतो. हा प्लग असाच निघाला. पोराच्या हातून निघाला आणि त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी उगाच वेळ घालवत होतो.

या जागेवर आमच्या स्वाध्यायात निमित्त आणि उपादानाचा वाद हटकून निघतो. एक बाजू म्हणते, प्रत्येक द्रव्य आपल्याच योग्यतेनं बदलतं, बाहेरचं निमित्त फक्त हजर असतं. खरं आहे, बत्तीनं प्लग ओढला नाही, तो स्वतःच आकसला. पण बत्ती नसती तर त्याची योग्यता आणखी शंभर वर्षं ब्लॉकमध्येच बसून राहिली असती. हे मी बोललो, तेव्हा दोन्ही बाजू माझ्यावर नाराज झाल्या.

मला अडवणारी गोष्ट पुढंच आहे. नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्तींनी दहाव्या शतकात, श्रवणबेळगोळची मूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायासाठी गोम्मटसार लिहिलं. त्यात कर्माच्या दहा अवस्था आहेत, त्यांत निधत्ती आणि निकाचित या दोन. निधत्ती कर्माची मुदत आणि तीव्रता कमीजास्त होते. पण ते वेळेआधी उदयाला आणता येत नाही की दुसऱ्या प्रकारात बदलता येत नाही. निकाचिताचं यातलं काहीच होत नाही. ते भोगायचंच. उलट वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत म्हटलं आहे, की जिनबिंबाच्या दर्शनानं निधत्त आणि निकाचित असलेलं मिथ्यात्वाचं कर्मही नाश पावतं. याच धवलेचे ग्रंथ आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेनं ताम्रपटांवर कोरून घेतले गेले आणि फलटणला ठेवले गेले. मालकांना त्यांच्याच गावची ही गोष्ट सांगितली, तर त्यांनी जीप कधी मिळेल ते विचारलं.

पंडितजी दोन्ही वचनांचा मेळ घालतात, आणि ते त्यांचं काम आहे. माझा प्रश्न वेगळा आहे: कुठलं कर्म निकाचित, हे कळतं कुणाला? उत्तर शास्त्रातच आहे, केवलज्ञान्याला. मग आपण हा शब्द इतक्या सहज कसा वापरतो? दारू न सुटणाऱ्या भावाबद्दल, दोनदा नापास झालेल्या पोराबद्दल, “त्याचं कर्मच तसलं” म्हणून मोकळे होतो. याच्या उलट उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचं. ते आमच्याच समाजात जन्मले. त्यांचं घर वाळव्याकडच्या ऐतवड्याचं. रयत शिक्षण संस्था उभी राहत होती त्याच काळात ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरले, पुढं साताऱ्यात कूपरांच्या कारखान्याशी जोडले गेले. 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी ही संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली. ज्यांच्या शिक्षणाचा दरवाजा कायमचा गंजला असं गावानं ठरवलं होतं, ती ही पोरं. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या घरातला हा माणूस; त्यानं दुसऱ्याच्या कपाळावर निकाचित लिहायचं नाकारलं.

मागच्या टोकाच्या प्लगाची खाच आधीच कुणीतरी गोल केली होती. त्यावर नट वेल्ड केला, तो तुटला. पुन्हा केला, पुन्हा तुटला. मेणानं दाद दिली नाही. पोरगा माझं ऐकून ऐकून शहाणा झालेला. म्हणाला, “निकाचित हाय, अण्णा.” मग केंद्र नीट काढून आधी बारीक, मग मोठं असं ड्रिल मारलं, आट्यांना धक्का न लावता प्लगाची साल आत कोसळवली आणि वेचून काढली. लांब ब्रश, रॉकेल, हवा, पुन्हा ब्रश. कारण ड्रिलचा एक चुरा आत राहिला तरी आधीच्या गॅरेजचंच पाप आमच्या नावावर. नवा प्लग बसवला.

पंडितजींना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, दहा अवस्थांमध्ये ड्रिल कुठं बसतं? कुठंच बसत नाही, हे मला मान्य आहे. ब्लॉक जड आहे, अजीव आहे. त्याला आपला गाळ ओळखता येत नाही, आपला प्लग काढता येत नाही, म्हणून माझं दुकान चालतं. जीवाच्या बाबतीत बाहेरून कुणी ड्रिल मारायची सोयच आमच्या धर्मानं ठेवलेली नाही. तीर्थंकर वाट दाखवतात, पाना फिरवत नाहीत. पण मग आत चाललेलं काम बाहेरून दिसतही नाही. बाहेर उभं राहून त्यावर निकाल देणाऱ्याकडं कुठलं ज्ञान असतं, हे मी पंडितजींना विचारलं आहे. त्यांनी चातुर्मासात महाराज आले की विचारू म्हणून सांगितलंय.