प्रतिकार येतो कुठून?

नंदुरबारच्या शहादा-तळोद्याच्या पट्ट्यातली केळीची बाग म्हणजे एक झाड झाकावं आणि दुसरं काढावं. ग्रँड नैनची टिश्यूकल्चर रोपं लावली की घड साधारण एकाच सुमारास कापणीला येतात आणि व्यापाऱ्याला एकसारखा माल मिळतो. शेतकऱ्याने हे वाण उचलून धरलं, ते हिशेबानेच. पण बुरशीचाही हिशेब असतो. या केळीला बी धरत नाही, त्यामुळे सगळी झाडं एकाच झाडाच्या प्रती. बुरशीला एका झाडात शिरायची वाट सापडली की सगळी बाग तिला मोकळी.

हे एकदा घडून गेलंय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल या केळीचं राज्य होतं. पनामा मर रोगाने तिच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा कॅव्हेंडिश गटाने बाजार सावरला. आपली बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन याच गटातल्या. आता त्याच रोगाच्या बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही सोडत नाही आणि तो बिहार, उत्तर प्रदेशापर्यंत पोचलाय. आधी जुनी पानं कडेने पिवळी पडतात, मग मोडून खोडाभोवती लोंबतात. खोड आडवं कापलं तर आत तांबूस-तपकिरी ठिपक्यांची कडी दिसते. पानांवरच्या करप्याला फवारणी तरी आहे. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं तग धरते आणि एकदा जमिनीत शिरली की औषधाला दाद देत नाही. मुनवे, औजारांना लागलेली माती, वाहतं पाणी यांतून ती पुढे सरकते.

बी नसलेल्या पिकात संकर करून नवं वाण काढणं महाकठीण. म्हणून ऑस्ट्रेलियात जेम्स डेल यांच्या गटाने एका रानकेळीतलं आरजीए-२ हे जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातलं. क्यूकॅव्ह-४ या त्या वाणाला फेब्रुवारी २०२४मध्ये तिथे मान्यता मिळाली. परागातून जनुक रानोमाळ पसरेल ही भीती इथे जवळजवळ लागू पडत नाही. सरसकट विरोध करणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करायला हवं.

समर्थकांनी मात्र कापसाकडे बघावं. बीटी कापूस आपल्याकडे २००२मध्ये आला. पाकिटासोबत आलेलं रेफ्युजीचं, म्हणजे बिगर-बीटी, बी बहुतेकांनी लावलंच नाही. वाण शेकडो, पण विषाची जनुकं तीच. २०१७मध्ये त्या विषाला सरावलेल्या गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर बोंडं पोखरली. कीड काय, बुरशी काय, जगायचं म्हणून बदलतेच. एकच जनुक सगळ्या बागांत घातलं तर आपण फक्त कुलूप बदललं. किल्ली पुन्हा एकच.

इथे एक गोष्ट नजरेआड होते. आरजीए-२ प्रयोगशाळेत जन्मलं नाही. ते बियाळ, बाजारात कोणी विचारणार नाही अशा रानकेळीत होतं. प्रयोगशाळा प्रतिकार उसना आणते. तो घडतो रानात आणि अनेक वाण पेरणाऱ्या शेतात. असं शेत नंदुरबारला परकं नाही. सपाटीवर एकच केळी, तर वर धडगावच्या डोंगरात आदिवासी शेतकरी मका-ज्वारीचे अनेक जुने वाण राखून आहेत. बाएफ या संस्थेने त्यांच्यासोबत या बियाण्याच्या जतनाचं काम केलंय.

त्यामुळे ‘जनुक हवं की नको’ हा वाद अर्धवट आहे. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रासारख्या सार्वजनिक संस्थांनी रोगप्रतिकारक केळीच्या चाचण्या उघडपणे घ्याव्यात, निष्कर्ष शेतकऱ्यांपुढे मांडावेत आणि एकाऐवजी चार वाण द्यावेत. पण प्रयोगशाळेला पैसा देताना डोंगरातलं बियाणं आणि ईशान्येतल्या रानकेळी राखायलाही त्याच अंदाजपत्रकात तरतूद हवी. तो धर्मादाय खर्च नाही. पुढच्या बुरशीसाठी लागणारं भांडवल आहे.