रिकामी गव्हाणी आणि भावंडे



आगमनकाळ आला की माळ्यावरची जुनी पेटी खाली उतरते. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मूर्ती बाहेर निघतात. एखाद्या मेंढराचा पाय मोडलेला असतो, योसेफाची काठी हरवलेली असते. भाऊ बांबूच्या कामट्या बांधतो, बहीण करवंट्यांत गहू किंवा नाचणी पेरते. नाताळपर्यंत हिरवे कोंब यावेत म्हणून ही पेरणी काही दिवस आधीच करावी लागते. उंट कुठे ठेवायचा यावरून भांडणही होते! पण गव्हाणी मात्र २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी राहते. बाळयेशूला त्यात निजवण्याचा मान बहुतेक घरांत सर्वांत धाकट्याला मिळतो.

ही परंपरा लोकांच्या मनात रुजवली ती असिसीकर संत फ्रान्सिस यांनी. १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेचो गावी त्यांनी गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव एवढेच आणवले. गावकरी मशाली घेऊन जमले आणि तेथे मिस्साबलिदान अर्पण झाले. पुढे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेचो येथेच नाताळगोठ्याविषयीच्या प्रेषितीय पत्रावर सही केली आणि कुटुंबांनी ही प्रथा जपावी असे आवाहन केले.

या साध्या कामात इतके बळ कोठून येते? तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल मैत्रीचा विचार करताना भावंडांचे नाते सोबत्यांच्या मैत्रीजवळ नेऊन ठेवतो. एकाच आईबापांपासून जन्म आणि एकत्र वाढणे हा त्या नात्याचा पाया. म्हणजे रक्त आयते मिळते, पण सोबत घडवावी लागते. ती अशाच चिखलात माखलेल्या, खळ लागलेल्या हातांनी घडते.

पवित्र शास्त्र भावंडांची खोटी स्तुती करीत नाही. काईनाने हाबेलाला मारले. योसेफाला त्याच्या भावांनी विकले. पण त्याच योसेफाने दुष्काळात भावांना गळ्याशी धरले. अंद्रियाला मसीहा भेटला तेव्हा त्याने आधी गाठले ते आपल्या भावाला, शिमोनाला.

बंधू-भगिनींनो, एकेकाळी एकाच गोठ्यावर पेंढा पसरणारे हात आज वाटणीच्या कागदांवरून एकमेकांविरुद्ध उभे आहेत. एकाच आवारात दोन घरे, दोन गोठे, दोन तारे आणि मध्ये कुंपण. आईच्या अंत्यविधीला भेटलेले भाऊ त्यानंतर बोललेले नाहीत. प्रभू येशू मत्तयच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगतो: वेदीजवळ आल्यावर भावाचे मन आपल्याविरुद्ध आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी समेट कर. चूक कोणाची, हा प्रश्न तो विचारतच नाही. जमिनीचा न्याय न्यायालय करील. बोलणे सुरू करायला मात्र निकालाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून या नाताळात एक करा. परदेशी असलेल्या बहिणीला फोन लावून विचारा, "आपला उंट कुठे ठेवायचो ग?" कुंपणापलीकडच्या भावाकडे करंज्यांचे ताट मुलांच्या हाती पाठवू नका, स्वतः घेऊन जा. पुतण्यांना गोठा बांधायला बोलवा. रुसलेल्या मनातही बाळयेशूसाठी जागा होऊ शकते, कारण त्याला हवी असते ती केवळ एक रिकामी गव्हाणी.

प्रभू आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.