नातवाच्या नावची उचल

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात. त्याआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल त्या कोयत्यावर. हंगामात ती फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर चढते. अंगठा आई-बापाचा, पण त्यांच्यामागं फडात गेलेल्या पोराची शाळा बुडते, म्हणजे फेडण्यात त्याचाही वाटा आलाच. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

बापाचं देणं पोरानं फेडायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. १८६६ साली मुंबई सरकारनं कायदा करून तिला लगाम घातला: वारसाला जेवढी मालमत्ता मिळाली, तेवढ्यापुरतंच देणं. पुढं २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि निव्वळ धर्म म्हणून आज्याचं नवं कर्ज नातवाकडून वसूल करायची वाटही बंद झाली.

मग सरकारच्या कर्जाचं काय? राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटींचा आहे. माणशी ७० हजारांच्या पुढं. काल जन्मलेल्या पोराच्या नावावरही तेवढी उचल, आणि इथं वारसाला सुटका नाही.

कर्ज वाईटच, असं मी म्हणत नाही. विहिरीचं कर्ज नातवानं फेडलं तर पाणीही तोच पितो. पण त्याच अर्थसंकल्पात ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट आहे. म्हणजे रोजच्या खर्चातलाही काही भाग उसना. जेवायचं आपण आणि ताटाचे पैसे द्यायचे नातवानं.

यावर गावातली एखादी बाई विचारील, "मंग माझं पंधराशे बंद करता का?" तिला नातवंडांचा विचार कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या पैशात तिचं औषध येतं, मुकादमापुढं हात जरा कमी पसरावा लागतो. द्यायलाच हवं. प्रश्न एवढाच, की कुणाच्या खिशातून?

याचं उत्तर आपल्याच राज्यानं एकदा दिलंय. १९७२ च्या दुष्काळात आमच्या लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव बांधले. पुढं रोजगार हमीच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. नोकरदारांच्या पगारातून तो कापला जाऊ लागला. त्या पिढीतल्या गरिबाला त्याच पिढीतल्या कमावत्यांनी हातभार लावला, आणि तलावांचं पाणी मागच्यांना ठेवलं.

कर वाढवा म्हणणारा निवडून येत नाही, हे खरंय. पण नातवाला तर अजून मतच नाही. त्याच्या बाजूनं आपल्यालाच बोलावं लागंल.