मिल थांबली, वाफ उतरली

बारडोली

चि. सायली,



तुझा प्रबंध स्मृतीवर आहे, हे कळलं. तू पाठवलेलं पुस्तकही वाचून काढलं. मी साखर कारखान्यातला निवृत्त फिटर. मानसशास्त्र माझं नव्हे, पण बिघाडावरून यंत्र ओळखण्यात जन्म गेला, तेवढ्यावर लिहितो.

गाळप चालू असताना मिल थांबली की थोड्या वेळानं बॉयलरचा दाब उतरतो. नवा पोरगा म्हणतो, म्हणजे वाफ मिलमध्येच तयार होते! खरं तर मिलमधून निघालेला उसाचा चोथा, बगॅस, हेच बॉयलरचं जळण. जळण तुटलं, वाफ उतरली.

पुस्तकातलं हेन्री मोलेसनचं प्रकरण वाचताना मला तो पोरगा आठवला. १९५३ साली अपस्मारावर उपाय म्हणून सर्जन स्कोव्हिलनं त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा भाग काढला. वय २७. पुढचं त्याच्या लक्षात राहीना. पण म्हणून ‘आठवणी हिप्पोकॅम्पसमध्ये साठतात’ असं लिहू नकोस. लहानपणचं त्याला आठवत होतंच की. आणि ब्रेंडा मिलनरनं आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर तीन दिवसांत त्याचा हात बसला. आपण हे आधी केलंय, हे मात्र त्याला ठाऊक नाही! तुझ्यामाझ्यात हात आणि आठवण इतकी एकजीव चालतात की मधला सांधा दिसत नाही. रोग्यात तो दिसतो.

एका रोग्यावर मात्र विसंबू नकोस. १९६९ मध्ये वॉरिंग्टन आणि शॅलिस यांनी के. एफ. नावानं ओळखला जाणारा रोगी मांडला. दोन-तीन आकडेही त्याला लगेच परत म्हणता येत नसत, पण नवं शिकलेलं टिकत असे. मोलेसनच्या अगदी उलट. असे दोन उलटे बिघाड समोर आले की दोन कामं वेगळी आहेत, असं म्हणायला धीर येतो.

आणि मोलेसनच्या मेंदूवर वर्षानुवर्षं झटके नि औषधं यांचा मारा होता. २०१४ च्या तपासणीत हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग शिल्लक निघाला, मेंदूच्या पुढच्या भागात वेगळीच जखमही सापडली. शिवाय धडधाकट माणसं गोष्ट परत सांगताना ती आपल्या समजुतीप्रमाणे बदलतात, हे बार्टलेटनं १९३२ मध्ये दाखवलं, तेही निरोग्यांकडूनच. ते प्रकरण गाळू नकोस.

आता आजीचं. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली ती पन्नास वर्षं इथं बाजारात गुजराती बोलली. आता भाजीवाल्याशीही अहिराणीच. मला कधी भावाच्या नावानं हाक मारते, पण भाकरी थापताना कड फाटत नाही. नवं आधी जातं, जुनं टिकतं, असं रिबोनं १८८१ मध्ये लिहिलं. मला पटलं होतं. परवा भाजीवाल्यानं सुटे कमी दिले, तर बाईनं त्याला चोख गुजरातीत झापलं! मग इतके दिवस ती भाषा होती कुठं? गेली होती, की हाताला लागत नव्हती?

दिवाळीला ये. प्रश्नावली पहिले आठ दिवस बॅगेतच राहू दे, नुसती तिच्याजवळ बस. आईला भेटून नंदुरबारवरून येशील तर तिथली मिरची आण. नाव न सांगता आजीच्या नाकाशी धरून बघू.

तुझा,
मामा